बिकॉज धिस इज माय फर्स्ट लाइफ: कराराचं लग्न, कर्जातलं घर आणि मोठ्या माणसांचं प्रेम

रानजाई

कोरियन मालिकांमधलं कराराचं लग्न हा आता चांगलाच मळलेला रस्ता आहे. पहिल्या-दुसऱ्या भागात कागदावर सह्या झाल्या की पुढचं सगळं आपल्याला पाठ असतं. गडगंज वारसदार, त्याच्या आजीचा हट्ट, गावाला गेल्यावर एकच खोली, आणि तेराव्या भागात तो कागद नको त्या माणसाच्या हाती लागणं. मीही असल्या मालिका आवडीने बघते. पण २०१७ च्या 'बिकॉज धिस इज माय फर्स्ट लाइफ'वर वेगळा धागा काढावासा वाटला, कारण यातला करार हा दोन माणसांनी एकत्र राहण्याचा खरोखरचा व्यवहार आहे, आणि लेखिकेने तो शेवटपर्यंत व्यवहार म्हणूनच गंभीरपणे घेतला आहे.

(पुढे सगळं कथानक उघड केलं आहे. बघायची असेल तर आधी बघून या, १६ भाग आहेत.)

टीव्हीएन वाहिनीवर ९ ऑक्टोबर ते २८ नोव्हेंबर २०१७ या काळात सोमवार-मंगळवारी ही लागायची. लेखिका युन नान-जुंग, दिग्दर्शक पार्क जून-ह्वा. जिहो (जंग सो-मिन) तिशीच्या उंबरठ्यावर आहे. सोल नॅशनल युनिव्हर्सिटीत शिकलेली, मालिकांच्या लेखकांच्या हाताखाली वर्षानुवर्षं सहायक म्हणून राबलेली. ती धाकट्या भावासोबत राहते. भावाचं लग्न ठरतं, होणारी बायको गरोदर आहे, आणि वडील ते घर सरळ मुलाच्या पदरात टाकतात. मोठ्या मुलीने कुठे जायचं हा प्रश्न त्या घरात कुणालाच पडत नाही. सेही (ली मिन-की) चाळिशीकडे झुकलेला, डेटिंगचं अ‍ॅप बनवणाऱ्या छोट्या कंपनीत काम करणारा. त्याच्याकडे स्वतःचा फ्लॅट आहे आणि २०४८ पर्यंत फेडायचं कर्ज आहे. घर आणि मांजर यापलीकडे आयुष्यात त्याला काही नको. हप्ता भरायला भाडेकरू मात्र हवा.

नावांवरून घोटाळा होतो. त्याला वाटतं भाडेकरू पुरुष आहे, तिला वाटतं घरमालक बाई आहे. कामाच्या वेळा वेगळ्या असल्यामुळे दोघं एका छताखाली राहूनही भेटत नाहीत. तोवर तिने कचऱ्याचं वर्गीकरण चोख केलेलं असतं, मांजराला वेळेवर खाऊ घातलेलं असतं, आणि सेहीच्या मते ती आजवरची सर्वोत्तम भाडेकरू ठरलेली असते. स्त्री-पुरुष असे एकत्र राहतात म्हटल्यावर लोक बोलणार, तेव्हा लग्न करून टाकू. तिला छप्पर मिळेल, त्याला भाडं आणि आईवडिलांच्या भुणभुणीपासून सुटका. तो हे विचारतो तेसुद्धा अशा सुरात, जणू पाण्याची मोटर कधी लावायची ते ठरवतोय.

माझं म्हणणं असं की या मालिकेत प्रेम कराराच्या विरोधात जाऊन उगवत नाही. करार असल्यामुळे ते शक्य होतं. कामाला काम म्हणायची, पैशाला पैसे म्हणायची सवय या दोघांना पहिल्या दिवसापासून आहे, म्हणून नंतर मनातलं बोलायची वेळ आली तेव्हा बोलता येतं. अडखळत, चुकत, पण येतं.

सासरच्या पितरांच्या पूजेचा भाग आठवा. कोरियात या विधीचा सगळा स्वयंपाक सुनांच्या अंगावर पडतो. हे करारात नाही, जायची गरज नाही, असं सेही स्वच्छ सांगतो. तरी जिहो जाते. तळणीसमोर बसून घावनासारखे जॉन उलटत राहते, भांडी घासते, वर हसतमुख राहते. आपल्याकडे सणावाराला नवी सून जे करते तेच. आता इथे दुसरी कुठलीही मालिका असती तर सासूने डोळे पुसले असते आणि नवऱ्याला बायकोचं कौतुक वाटलं असतं. सेहीला मात्र अस्वस्थ वाटतं. फुकट श्रम घेतले गेलेत हे त्याला दिसतं आणि तो मोबदला देऊ करतो. तिला आधी राग येतो, कारण तिने ते मोबदल्यासाठी केलेलं नसतं. मग ती हिशेब त्याच्याच पद्धतीने मिटवते: माझ्या माहेरी किमजांग आहे, तुम्ही या आणि राबा.

हिवाळ्याच्या तोंडाशी सगळ्या बायका जमून वर्षभराची किमची घालतात ते किमजांग. युनेस्कोने २०१३ मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलेली प्रथा. तर हा सोलचा अबोल माणूस थेट दक्षिणेला नामहेला जातो, कोबीच्या ढिगासमोर बसतो आणि पाठ मोडेपर्यंत काम करतो. नकाराची सोय असूनही. मी असंख्य कोरियन नायकांना नायिकेसाठी पावसात भिजताना, गाडीच्या पुढे धावताना, कंपनीवर पाणी सोडताना पाहिलं आहे. मिठात मुरलेल्या कोबीच्या एकेका पानात लाल मसाला भरत बसलेला सेही मला त्या सगळ्यांपेक्षा जास्त प्रेमात पडलेला दिसतो.

तुम्हाला काय वाटतं, सविस्तर लिहा. सेही आवडला नाही असं म्हणणारेही खूप आहेत, त्यांनी तर नक्की लिहा.

कोवळं_ऊन

मी त्या न आवडलेल्यांपैकी. रानजाई, तू किमजांगचं फार सुंदर लिहिलं आहेस, पण तो भाग मालिकेच्या मध्यानंतरचा आहे. तोपर्यंत हा माणूस एखाद्या यंत्रासारखा वागतो. लग्नाच्या दिवशी जिहोच्या आईच्या डोळ्यांत पाणी आहे, जिहो आतून कोसळली आहे, आणि हा चेहऱ्यावरची रेष हलू देत नाही. भावना न दाखवणाऱ्या पुरुषाला "परिपक्व" म्हणायची आपल्याला फार घाई असते. तेच एखादी बाई अशी वागली असती तर "कोरडी" ठरली असती.

आणि तिला तो बरा वाटतो याचं कारण तिची परिस्थिती वाईट आहे हे आहे. डोक्यावर छप्पर नसलेल्या बाईला छप्पर देणारा माणूस भला वाटणारच.

रानजाई

कोवळं_ऊन, दुसरा मुद्दा अगदी खरा आहे आणि मालिका तो लपवत नाही. दोघांची ताकद सारखी नाही. घर त्याचं आहे. म्हणून तर ती शेवटी करार संपवून घराबाहेर पडते ना. त्याच्याच घरात राहून ती त्याला बरोबरीने "हो" म्हणू शकली नसती.

पहिल्या मुद्द्यावर थोडं. लग्नात ती आई त्याच्या हाती पत्र देते. मुलीचं लिखाण, तिची स्वप्नं यांची काळजी त्या पत्रात आहे. ते पत्र त्याला हलवून जातं, फक्त ली मिन-की ते नजरेतून दाखवतो. मला त्याचा थंडपणा स्वभावाचा वाटला नाही. त्याने स्वतःला लावून घेतलेलं कुलूप वाटलं. मागचं प्रकरण कळल्यावर ते पटतं.

डोंबिवलीकर

मी केड्रामावाला नाही. बायको बघते, मी शेजारी बसतो. ही मात्र पूर्ण पाहिली, आणि कारण एकच: कर्ज. २०४८ हा आकडा त्याने उच्चारला तेव्हा मला माझ्या बँकेचं वेळापत्रक दिसलं.

जिहोला घर मिळत नाही याचं कारण आपल्या मुंबईकरांना लगेच कळेल. तिथे भाड्याने घर घ्यायचं तर मोठी अनामत लागते. ती नसेल तर कुणी दारात उभं करत नाही. आपल्याकडे 'हेवी डिपॉझिट'वर घर घेतात ना, एकरकमी मोठी रक्कम मालकाकडे ठेवायची आणि महिन्याचं भाडं नाममात्र किंवा शून्य, तीच पद्धत तिकडे देशभर चालते म्हणे. सेहीची खोली तिला देवदूतासारखी वाटते ती त्याला मोठी अनामत नको असते म्हणून. यात प्रेमाबिमाचा काही संबंध नाही, आणि तेच मला आवडलं. मोठ्या वयात माणसं एकत्र येतात त्यात भाडं, नोकरी, म्हातारे आईवडील हे सगळं असतंच. मालिकांमध्ये तेवढं गाळून टाकतात.

सुवॉनवासी

कामानिमित्त काही वर्षं कोरियात आहे, म्हणून थोडी भर घालतो.

डोंबिवलीकर म्हणतात ती पद्धत म्हणजे जॉन्से. साधारण दोन वर्षांचा करार. अनामत घराच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त असू शकते. महिन्याचं भाडं नाही, मुदत संपली की पूर्ण रक्कम परत. दुसरी पद्धत वॉल्से, म्हणजे कमी अनामत आणि दर महिन्याला भाडं. जॉन्सेची रक्कम तरुण माणसाकडे कुठून येणार? एकतर आईवडील देतात, नाहीतर बँक. आईवडील कुणाला देतात, तर मुलाला, त्याच्या लग्नात. नवरदेवाच्या बाजूने घर आणि नवरीच्या बाजूने घरातलं सामान ही तिकडची जुनी रीत. जिहोचे वडील जे करतात ते तिकडच्या प्रेक्षकाला धक्कादायक वाटत नाही. ओळखीचं वाटतं, आणि म्हणूनच लागतं.

जॉन्सेतही सुरक्षितता नाही हे नंतरच्या काळात दिसलं. घरांच्या किमती पडल्यावर असंख्य मालक अनामत परत करू शकले नाहीत, काहींनी तर ठरवून फसवलं. इतके तरुण भाडेकरू बुडाले की मे २०२३ मध्ये तिथल्या संसदेला पीडितांसाठी खास कायदा करावा लागला. हे डोक्यात ठेवून मालिका पुन्हा पाहिली तर सेहीचं घराला चिकटून बसणं विक्षिप्त वाटत नाही.

अजून एक. कुटुंबप्रमुख पुरुषच, आणि लग्नानंतर मुलीची नोंद नवऱ्याच्या घराण्यात, ही होजू नावाची पद्धत तिथे कायद्यातून २००८ साली गेली. २००५ मध्ये घटना न्यायालयाने ती घटनाबाह्य ठरवली होती. म्हणजे मालिका आली तेव्हा जेमतेम नऊ वर्षं झालेली. जिहोच्या आणि सेहीच्या वडिलांची पिढी सगळं आयुष्य त्या जुन्या कायद्यात जगलेली आहे. दोघंही बाप खलनायक नाहीत, त्यांना दुसरं काही माहीतच नाही.

रानजाई

सुवॉनवासी, फार मोलाचा प्रतिसाद. वडील मला नीट कळले ते आता.

सोनचाफा

मला नायक-नायिकेपेक्षा जिहोची मैत्रीण सूजी आवडली. एसोमने काय काम केलंय! (तिला नंतर 'टॅक्सी ड्रायव्हर'मध्ये सरकारी वकील म्हणून पाहिलं असेल.) मोठ्या कंपनीत नोकरी, हुशार, शाळेत असताना स्वतःची कंपनी काढायची स्वप्नं बघणारी. आणि आता रोज जेवणाच्या टेबलावर, बैठकीत, गाडीत पुरुष सहकाऱ्यांचे अंगचटीला येणारे विनोद हसून गिळणारी. ती का गिळते, तर घरी आई आहे, चालता न येणारी, आणि पगार हवा आहे.

तिलाही लग्न नको आहे, पण तिचं नको आणि सेहीचं नको यात फरक आहे. त्याला कुणाची जबाबदारी नको. तिच्यावर आधीच एक जबाबदारी आहे आणि ती तिला दुसऱ्या कुणावर लादायची नाही. तिच्यावर प्रेम करणारा मा सांग-गूसारखा (पार्क ब्युंग-उन) भला, थोडा बावळट वाटणारा माणूस हे समजून घेतो. तोही आधी चुकतोच. तिच्या वतीने भांडायला जातो आणि तिची अडचण वाढवतो. तुझ्या भांडणात मी मध्ये पडू का, हे आधी विचारायला हवं एवढं तो शिकतो. शेवटी ती नोकरी सोडते आणि अंतर्वस्त्रांचा स्वतःचा धंदा काढते. तो शेवट मला सगळ्यात समाधानाचा वाटला.

जिहोची दुसरी मैत्रीण होरांग आणि तिचा प्रियकर वनसोक यांच्याबद्दल कुणी बोलणार आहे का? सात वर्षं एकत्र, गच्चीवरच्या एका खोलीत. तिला लग्न हवं, त्याच्या खिशात पैसे नाहीत. तो तिला आवडलेला सोफा घरी आणतो आणि ती ढसाढसा रडते. त्याला कळतच नाही. तिला सोफा नको असतो, तो सोफा ज्या घरात शोभेल ते घर हवं असतं.

निवृत्त_वाचक

मुलीने आग्रह केला म्हणून आम्ही दोघांनी पाहिली. आमच्या पिढीत "लग्न पाहावे करून, घर पाहावे बांधून" म्हणायचे. ही मालिका त्या म्हणीतल्या दोन्ही गोष्टी एकाच कागदावर घेते, म्हणून आम्हाला ती परकी वाटली नाही.

मला ती दोघं एकमेकांना सतत अहो-जाहो करतात हे फार भावलं. प्रेम कबूल झाल्यावरसुद्धा. हल्लीच्या मुलांना वाटतं की जवळीक आली म्हणजे आदरार्थी बोलणं गळून पडावं. आमच्या हिने मला आयुष्यभर अहो म्हटलं, मी तिला अगं. त्या काळी तसंच होतं. या दोघांत दोन्ही बाजूंनी अहो आहे, ते बघताना हिने माझ्याकडे वळून पाहिलं.

जिहोच्या आईबद्दल रानजाईंनी लिहिलं तेवढ्याने माझं समाधान झालं नाही. त्या बाईचं स्वतःचं आयुष्य नवऱ्याच्या आवाजाखाली गेलं आहे. मुलगी लिहिणार, सोलमध्ये राहणार, हे तिने मनात जपलं होतं. मुलीने लग्न ठरवलं म्हणताच तिला आनंद होत नाही, भीती वाटते. मुलगी आपल्यासारखीच होणार ही भीती. लग्नात रडणाऱ्या आया आपण पुष्कळ पाहिल्या आहेत, या रडण्याचं कारण वेगळं आहे.

अबोली

मी शेवटच्या दोन भागांवर रागावलेली आहे आणि तो राग अजून गेलेला नाही.

चौदा भाग ही माणसं शांतपणे बोलून प्रश्न सोडवतात. रानजाईचा मुद्दाच तो आहे की यांना बोलायची सवय आहे. मग सेहीला त्याचं प्रेम उमगल्यावर, तो पहिल्यांदा स्वतःहून पुढे यायला लागल्यावर, जिहो काय करते? करार संपवते आणि निघून जाते. तो वेडापिसा होतो. घर विकतो. आणि नंतर ही परत येऊन जणू काही झालंच नाही अशी वागते. मग ही परिपक्व नायिका कशी? त्याने हेच केलं असतं तर आपण सगळ्यांनी त्याला फाडून खाल्लं असतं. कोवळं_ऊनचा दुहेरी मापाचा मुद्दा इथे उलट्या बाजूने लागू होतो.

कोवळं_ऊन

अबोली, +१. मालिका बघणाऱ्या माझ्या सगळ्या मैत्रिणींचं हेच म्हणणं आहे.

रानजाई

अबोली, याच मुद्द्यावर कुणीतरी बोलावं अशी माझी इच्छा होती, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पंधरावा-सोळावा भाग लिखाणात घाईचे आहेत हे मला मान्य. तिच्या जाण्याआधी एक संवाद हवा होता. पण ती जाते हे मला चुकीचं वाटत नाही. ती तिथे कुठल्या नात्याने राहत होती ते बघा. भाडेकरू, आणि भाडेकरू आहे म्हणून बायको. तिला जर त्याची बायको व्हायचं असेल, प्रेमाने, तर आधी भाडेकरूपण संपायला हवं. तो कागद फाडून "आता आपण खरे नवरा-बायको" म्हणणं, जे बाकी सगळ्या मालिका करतात, ते तिला पुरत नाही. कारण मग ती ज्या कारणासाठी आत आली होती ते कारण तसंच राहतं: तिला राहायला जागा नव्हती.

त्यात जंग-मिनचा भाग आहे. सेहीची जुनी प्रेयसी, जिच्या कंपनीकडून जिहोला लिखाणाचं काम मिळणार असतं. जंग-मिन आणि सेही तरुणपणी एकत्र राहत होते, मूल येणार होतं, ते राहिलं नाही, सेहीच्या वडिलांनी तिला झिडकारलं होतं. तिच्या तोंडून निघालेले जाताजाताचे शब्द सेही शिक्षेसारखे जपत आला. पुन्हा कुणावर प्रेम करायचं नाही, फक्त घर आणि हप्ते. कोरियन मालिकांत जुनी प्रेयसी परत येते ती बहुतेक वेळा फूट पाडायला. ही बाई येते, जिहोशी बरोबरीने बोलते, सेहीला त्या शिक्षेतून मोकळं करते आणि आपल्या कामाला लागते. तिघांपैकी कुणीही दुसऱ्याला खाली दाखवत नाही. मालिकेला मी मोठ्या माणसांची म्हणते ती मुख्यतः यामुळे.

आणि एकोणीस नंबरची खोली. डॉरिस लेसिंगच्या 'टू रूम नाइन्टीन' या कथेतली बाई, नवरा-मुलं-बंगला सगळं असलेली, हॉटेलात एक खोली घेऊन तिथे नुसती एकटी बसते. नवऱ्याला वाटतं तिचं कुणाशी तरी प्रकरण आहे, आणि ती ते खरं आहे असंच सांगते, कारण एकटं बसायचं होतं हे त्याला कळणार नाही. जिहो ही कथा मालिकेत वाचते आणि प्रत्येकाच्या मनात अशी एक खोली असते हे तिला उमगतं. लेसिंगच्या बाईला त्या खोलीबद्दल कुणाशी बोलता आलं नाही आणि तिचं पुढे काय झालं ते कथा वाचलेल्यांना ठाऊक आहे. जिहो घर सोडते ती मला त्या बाईसारखं होऊ नये म्हणून सोडल्यासारखी वाटते.

डोंबिवलीकर

त्याने घर विकलं ते मला मात्र पटलं नाही हो. हप्ते इतकी वर्षं भरलेले असताना. (हे मनापासून लिहितोय.)

पाणकोंबडी

केड्रामाच्या जुन्या प्रेक्षकांसाठी एक निरीक्षण. कराराच्या प्रेमकथांमागे किती वेळा घरच असतं बघा. २००४ च्या 'फुल हाउस'मध्ये मैत्रीण आणि तिचा नवरा मिळून नायिकेचं वडिलोपार्जित घर परस्पर विकतात. ते घर विकत घेणाऱ्या नटाशी (रेन) ती कराराचं लग्न करते, घर परत मिळावं म्हणून. २००५ च्या 'माय लव्हली सॅम सून'मध्ये सॅमसून पाच कोटी वॉनच्या बदल्यात नायकाची (ह्युन बिन) खोटी प्रेयसी व्हायला तयार होते, आणि ते पाच कोटी तिला हवे असतात घर जप्त होऊ नये म्हणून. मग २०१७ मध्ये जिहो. तिन्ही नायिका कामसू आहेत, आणि तिघींपैकी एकीलाही स्वतःच्या कमाईवर घर राखता येत नाही.

फरक पुरुषात आहे. आधीच्या दोघांकडे पैसा आहे, म्हणून ते करार लादू शकतात. सेही स्वतः कर्जात बुडालेला आहे. इथे करार करणारे दोघंही गरजू आहेत. २०१६ च्या 'मॅरेज कॉन्ट्रॅक्ट'मध्ये यकृत देण्यासाठी लग्न ठरतं, तिथेही पैसेवाला आणि गरजू अशीच जोडी आहे. आणि २०२४ ची 'नो गेन नो लव्ह' बघा, शिन मिन-आची. तिला आजवर लोकांच्या लग्नात दिलेल्या पाकिटांची परतफेड हवी असते, शिवाय नोकरीत बढती. म्हणून ती लग्नाचं नाटक करते. आहेराची वही ठेवणाऱ्या आपल्या घरांत ही मालिका आवडायला हरकत नाही.

सुवॉनवासी

पाणकोंबडी, पाकिटांचं खरंच तसं आहे. लग्नाच्या हॉलच्या दारात टेबल असतं, पाकीट द्यायचं, नाव लिहायचं, जेवणाचं कूपन घ्यायचं. कुणी किती दिलं ते घरोघर लक्षात ठेवतात आणि तेवढंच परत करतात.

कोरियात लग्नं आणि मुलं दोन्ही बरीच वर्षं कमी होत गेली त्यामागे ही सगळी गणितं आहेत. २०२३ मध्ये तिथला जननदर (एका बाईमागे सरासरी मुलं) ०.७२ वर आला होता. सहकारी तरुण मुलं-मुली बोलतात तेव्हा प्रेमाला कुणाचा विरोध नसतो. घर, सासर आणि नोकरी यांची जुळणी होत नाही. सेही आणि जिहो हेच बोलत असतात, फक्त पडद्यावर.

सोनचाफा

नवीन बघणाऱ्यांसाठी: पहिल्याच भागातला बसथांब्याचा प्रसंग चुकवू नका. जिहोचं घर गेलेलं आहे, ज्याच्यावर मनातून जीव होता तो मुलगाही. रात्रीच्या थांब्यावर हा अनोळखी माणूस, म्हणजे सेही, तिला धीर देत नाही, सल्ला देत नाही. एवढंच म्हणतो की हे आयुष्य सगळ्यांचंच पहिल्यांदा आहे. पुन्हा कधी भेटणार नाही या खात्रीने ती त्याचं चुंबन घेते आणि पळून जाते. तिच्या त्या एका कृतीत केवढा दुखावलेपणा आणि केवढं धाडस आहे! जंग सो-मिनला याच दिग्दर्शकाने पुढे 'अल्केमी ऑफ सोल्स'मध्ये घेतलं, पण माझ्यासाठी ती कायम बसथांब्यावरची जिहो.

अबोली

रानजाई, तुझं उत्तर वाचून शेवटचे भाग परत लावले. राग थोडा कमी झाला, पूर्ण गेला नाही. भाडेकरूपण संपायला हवं हे पटलं. न सांगता जाणं अजूनही नाही पटलं. एक मात्र या वेळी नीट दिसलं: परत आल्यावर ते करार टाकून देत नाहीत. नवा लिहितात, आणि तो दर वर्षी पुन्हा ठरवायचा. मागच्या वेळी ते मला गोड शेवटासाठी केलेलं वाटलं होतं. पण सासर-माहेर, सणवार, कुणी कुठे किती राबायचं हे जर प्रत्येक जोडप्याने वर्षातून एकदा समोरासमोर बसून ठरवलं तर माझ्या ओळखीतली निम्मी भांडणं सुरूच होणार नाहीत.

डोंबिवलीकर

आपला अकरा महिन्यांचा करार आहेच की. नूतनीकरणाच्या वेळी मालक आणि भाडेकरू दोघंही जरा जपून, नीट बोलतात. बायकोला आत्ता हे वाचून दाखवलं. ती म्हणते, मसुदा तयार ठेवा, दिवाळीच्या आत बसू.

रानजाई

डोंबिवलीकर, पहिलं कलम दिवाळीच्या फराळाचं ठेवा. चकल्या कोण पाडणार आणि कोण तळणार, दोन्ही नावं लिहून.

आणि घर विकण्याबद्दल तुम्ही मनापासून लिहिलंत म्हणून मीही लिहिते. मला त्या वेळी सेहीचं वाईट वाटलं नव्हतं. पुन्हा कुणी आत येऊ नये म्हणून त्याने ते घर घेतलं होतं, त्याचे हप्ते भरणं हीच त्याची शिक्षा होती. जंग-मिनशी बोलणं झाल्यावर ती संपली. २०४८ पर्यंत तिथे एकट्याने राहायचं कारण उरलं नाही, तेव्हा त्याने ते विकलं. ते पुन्हा भेटतात ते गच्चीवरच्या एका साध्या खोलीत, आणि तिथे दोघांपैकी कुणीही मालक नाही.